जुन्या स्टिरिओची एक बाजू मधूनच गप्प होते? आधी हे तपासा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्या सेटचा आजार हाच आहे की नाही ते कळेल.

ॲम्प्लिफायर सुरू केला, दोन-चार सेकंदांनी आतून रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या खटक्याचा) 'टक' आवाज आला, उजवा स्पीकर नीट वाजतोय आणि डावा गप्प. व्हॉल्यूम वाढवत नेला की एका ठिकाणी डावा अचानक जागा होतो आणि मग तासभर काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. किंवा असं: व्हॉल्यूमची कळ फिरवताना खर्रखर्र होतं, एका विशिष्ट जागी एक बाजू जाते आणि किंचित मागे घेतली की परत येते. सिलेक्टरला (रेडिओ, टेप, रेकॉर्ड यातलं काय वाजवायचं ते निवडणाऱ्या कळेला) किंवा टेपच्या बटणाला नुसतं बोट लावलं तरी आवाज येतो-जातो. उन्हाळ्यात सगळं बरं असतं आणि जुलैत पुन्हा रडगाणं सुरू होतं.

यातलं काही जुळत असेल तर पुढे वाचा. रिलेचा 'टक' येतच नसेल, जळका वास असेल, फ्यूज लावला की उडत असेल, तर मधलं सगळं सोडून थेट शेवटाकडे जा. तो आजार वेगळा आहे आणि तो घरी बरा करायचा नाही.

माझ्या गॅरेजमध्ये गाडी कधीच राहिली नाही. मामांनी १९७८ मध्ये कुवेतहून आणलेला एक जपानी रिसीव्हर (म्हणजे रेडिओसकट ॲम्प), दोन लाकडी स्पीकर, एक टर्नटेबल आणि कॅसेट डेक यांनी ती जागा व्यापली आहे. त्या रिसीव्हरची डावी बाजू मी आजवर इतक्यांदा परत आणली आहे की नेमका आकडा सांगता येणार नाही. मित्रांचे, शेजाऱ्यांचे, जुन्या बाजारातून उचललेले सेटही याच टेबलावर आले. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: चालू-बंद होणारा दोष बहुतेक वेळा संपर्काचा असतो. पार्ट जळला की तो जळलेलाच राहतो, व्हॉल्यूम वाढवला म्हणून जिवंत होत नाही. म्हणून स्क्रू ड्रायव्हर उचलायच्या आधी बरंच काही करता येतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

एक अपवाद मात्र सगळ्याच्या आधी. सेट नुकताच हाती आला असेल तर प्लग लावण्यापूर्वी मागची पट्टी वाचा. आखातातून आलेल्या सेटच्या पाठीवर बऱ्याचदा व्होल्टेज बदलायचा खटका असतो: ११०, १२०, २२०, २४०. आपल्याकडे तो २४० वर ठेवा. खास जपानमधल्या विक्रीसाठी बनवलेला सेट १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२० चा. असा सेट थेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातला तर पुढची तपासणी करायला काही उरत नाही. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

बटणं

हसू नका. माझ्याकडे 'मेलेले' म्हणून आलेले तीन सेट 'टेप मॉनिटर'चं बटण उचलताच वाजायला लागले. हे बटण दाबलं की ॲम्प आतला आवाज मागच्या टेप-आउटमधून बाहेर पाठवतो आणि टेप-इनमधून तो परत येण्याची वाट पाहतो. मागे डेकच जोडलेला नसेल तर परत येणार काय? दोन्ही बाजू गप्प. आणि त्या बटणाच्या आतले संपर्क काळे पडले असतील तर एकच बाजू गप्प.

म्हणून टेप मॉनिटर, म्यूटिंग, स्पीकर ए/बी (स्पीकरची कुठली जोडी वाजवायची तो खटका) आणि बॅलन्स एकेक करून पाहा. बॅलन्सची कळ गॅरेज झाडताना कुणाच्या तरी फडक्याने फिरलेली असते.

मग 'मोनो'चं बटण दाबा. फुकटातली याहून चांगली चाचणी मला माहीत नाही. मोनोमध्ये डावं-उजवं एकत्र होऊन दोन्हीकडे जातं. तेव्हा गप्प असलेला स्पीकर बोलू लागला तर दोष मोनोच्या खटक्याच्या आधी आहे, म्हणजे टर्नटेबल, वायर, सिलेक्टर किंवा टेपचं बटण. तरीही गप्पच राहिला तर दोष त्याच्या पुढे आहे: व्हॉल्यूम, बॅलन्स, पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा शेवटचा भाग), रिले किंवा स्पीकर. दोन सेकंदांत निम्मा सेट यादीतून बाद होतो.

इथे रेकॉर्डबद्दल एक सावधगिरी. सुरुवातीच्या काळातल्या काही स्टिरिओ रेकॉर्डवर गायक एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला अशी सरळ वाटणी असते. तशी रेकॉर्ड लावून 'डावी बाजू कमी येते' म्हणत मी एक रविवार घालवला आहे. चाचणीसाठी मोनो रेकॉर्ड उत्तम, कारण तिथे दोन्ही बाजू सारख्याच यायला हव्यात. किंवा मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करून तो मागच्या 'ऑक्स' सॉकेटला जोडा. 'फोनो'ला जोडू नका. ते सॉकेट टर्नटेबलच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजच्या (सुई धरणाऱ्या डबीच्या) काही मिलिव्होल्टसाठी असतं, मोबाइलचा आवाज तिथे फाटतो आणि तुम्ही भलताच दोष शोधत बसता.

अदलाबदल

सेट बंद करा, प्लग काढा. ॲम्पच्या मागे डाव्या स्पीकरच्या वायरी उजवीकडे आणि उजव्याच्या डावीकडे लावा. पुन्हा सुरू करा.

तोच स्पीकर गप्प राहिला तर ॲम्प निर्दोष आहे, स्पीकर किंवा त्याची वायर पाहा. गप्पपणा दुसऱ्या स्पीकरकडे सरकला तर दोष ॲम्पकडून किंवा त्याच्याही मागून येतोय. वायरी लावताना तांब्याचा एकही सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला शिवणार नाही याची खात्री करा. एवढ्याशा तंतूने आउटपुट ट्रान्झिस्टर जातात.

स्पीकरवर संशय असेल तर त्याच्या वायरी ॲम्पपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. वूफर 'थप' करतो आणि कोन पुढे किंवा मागे हलतो. थप आला म्हणजे वायर आणि कॉइल जोडलेली आहे. कोन पुढे आला तर सेलचं अधिक टोक ज्या वायरीला लावलं ती स्पीकरची अधिक. हाताशी आहेतच तर दोन्ही स्पीकरची ती खूण करून ठेवा. सेल टेकवून धरून मात्र बसू नका.

थप आला नाही तर वायरीची टोकं पाहा. आमच्याकडे दर पावसाळ्यात तांबं काळं-हिरवं पडतं. कळकलेलं टोक कितीही पिळलं तरी उपयोग नाही. इंचभर कापून टाका, नवं तांबं सोला, घट्ट बसवा.

आता हेच मागच्या आरसीए पिनांबाबत, म्हणजे टर्नटेबल-डेकच्या वायरींच्या टोकांबाबत. टर्नटेबलची डावी पिन उजवीकडे, उजवी डावीकडे. गप्पपणा सरकला तर दोष टर्नटेबलमध्ये किंवा त्याच्या वायरीत. जागेवरच राहिला तर ॲम्पमध्ये.

टर्नटेबलचा दोष निघाला तर नव्वद टक्के आशा हेडशेलवर, म्हणजे कार्ट्रिज बसवलेल्या पुढच्या तुकड्यावर, ठेवा. कार्ट्रिजच्या मागे चार बारीक पिना असतात: पांढरी आणि निळी डाव्या बाजूच्या, लाल आणि हिरवी उजव्या बाजूच्या. चिमट्याने प्रत्येक टोपी अलगद काढून परत बसवली की घासण्यानेच संपर्क साफ होतो. एका वेळी एकच काढा, नाहीतर रंग विसरायला होतं. हेडशेल टोनआर्मला जिथे बसतो तिथल्या चार टोकांनाही कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

मागचे यू पिन

सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ जपानी ॲम्पच्या पाठीवर 'प्री-आउट' आणि 'मेन-इन' अशी सॉकेटं असतात आणि त्यांना जोडणारे दोन यू आकाराचे धातूचे तुकडे. सगळा आवाज त्यांच्यातून जातो. ते काळे पडले की एक बाजू जाते. कुणी 'हे काय उगाच' म्हणून काढून टाकले असतील तर दोन्ही जातात. सेट बंद करून ते उपसा, अल्कोहोलने पुसा, फिरवत परत बसवा. मामांच्या रिसीव्हरची डावी बाजू पहिल्यांदा गेली तेव्हा दोष इथे होता, आणि मी तोवर अर्धा सेट सुटा केला होता.

हेच तुकडे शोधालाही कामी येतात. ते काढून साध्या आरसीए वायरीने डावं प्री-आउट उजव्या मेन-इनला आणि उजवं डाव्याला जोडा. गप्पपणा सरकला तर दोष पुढच्या भागात, म्हणजे सिलेक्टर, टोन, व्हॉल्यूम यांत. नाही सरकला तर पॉवर ॲम्प किंवा रिलेत. जोडणी बदलताना दर वेळी सेट बंद असला पाहिजे.

कळा फिरवा, मग क्लीनर

प्लग काढून प्रत्येक कळ या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. प्रत्येक बटण तितक्याच वेळा दाबा. हात भरून येतो, पण वर्षभर न हललेल्या संपर्कांवरचा थर यानेच निम्मा जातो. खरखर अर्ध्यावर आली तर रोगाचं निदानही झालं.

पूर्ण जायला मात्र झाकण उघडावं लागतं, आणि इथून पुढे नियम बदलतात. प्लग सॉकेटमधून बाहेर काढून तुमच्या नजरेसमोर ठेवा. नुसतं पुढचं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण त्या बटणाच्या मागच्या उघड्या टोकांवर २३० व्होल्ट तसेच असतात. मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही चार्ज उरतो. दहा मिनिटं थांबा आणि मल्टीमीटरने डीसी व्होल्ट मोजा. एक-दोन व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत बोट नाही. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढणारे कारागीर मीही पाहिले आहेत. त्यांचं अनुकरण नको.

क्लीनर इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्टसाठीचाच घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात सहज मिळतो. पेट्रोल, थिनर आणि बिजागऱ्यांना मारायचा गंजनाशक स्प्रे, तिन्ही नकोत. थिनर प्लॅस्टिक खातो, आणि तो स्प्रे आज खरखर घालवतो पण मागे ठेवलेल्या तेलकट थरावर धूळ बसून पुढच्या वर्षी ती दुप्पट परत येते.

पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या कळेमागच्या डबीच्या, मागच्या बाजूला, तीन पायांजवळ, छोटी फट असते. तिथे नळी टेकवून एकच छोटा फवारा, आणि लगेच वीस वेळा फिरवा. पुढून दांड्यावर मारू नका, तिथलं ग्रीस धुऊन गेलं की कळ सैल, पोरकी फिरते. सिलेक्टर आणि टेपच्या बटणालाही तसाच फवारा. पण ट्यूनरच्या गँगवर (स्टेशन लावताना फिरणाऱ्या पत्र्यांच्या कपॅसिटरवर) एक थेंबही नको, त्याच्या पत्र्यांमध्ये क्लीनर बसला की स्टेशनं जागा सोडतात. तसंच डायलची काच आतून पुसायचा मोह टाळा. अक्षरं आतल्या बाजूला छापलेली असतात आणि अल्कोहोलने फडक्यावर येतात. माझ्या डायलवर आता ९२ आणि ९६ च्या मध्ये काही नाही.

तासभर सुकू द्या, मगच प्लग.

रिले: पावसाळ्याचा खरा आरोपी

व्हॉल्यूम वाढवल्यावर जागी होणारी बाजू, हे रिलेचं लक्षण आहे. हेडफोन लावून पाहा: तिथे हळू आवाजातही दोन्ही बाजू स्वच्छ येत असतील तर पॉवर ॲम्प ठणठणीत आहे आणि संशय रिले किंवा स्पीकर ए/बीच्या खटक्यावर जातो.

रिले म्हणजे स्पीकरचा रखवालदार. सेट सुरू होताना आतला गोंधळ शांत होईपर्यंत तो स्पीकर तोडून ठेवतो, आणि ॲम्पमध्ये बिघाड होऊन डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) बाहेर येऊ लागला तर पुन्हा तोडतो. त्याच्या संपर्कांवर चांदी असते. देवघरातली चांदीची निरांजनं पुसली नाहीत तर काळी पडतात, तसेच हेही पडतात. हवेतला गंधक आणि ओलावा दोन्ही गॅरेजमध्ये भरपूर. हळू आवाजाचा बारीक प्रवाह हा काळा थर भेदू शकत नाही. आवाज वाढवला की थर भेदला जातो आणि बाजू जागी होते, दुसऱ्या दिवशी संपर्क पुन्हा उघडून मिटले की नव्या जागी तोच थर. म्हणून दोष जातो आणि येतो.

झाकण उघडता येणारा रिले असेल तर उपाय सोपा आहे. जुन्या व्हिजिटिंग कार्डाची बारीक पट्टी कापा, अल्कोहोलमध्ये भिजवा, संपर्कांच्या मध्ये घाला, बोटाने पाकळी हलकेच मिटून धरा आणि पट्टी ओढून घ्या. तिच्यावर काळी रेघ उमटेल. रेघ उमटायची थांबेपर्यंत नव्या पट्टीने तेच. शेवटी कोरडी पट्टी. पॉलिश पेपर किंवा कानस अजिबात नको: चांदीचा मुलामा गेला की खालचा धातू महिनाभरात पुन्हा काळवंडतो. संपर्कांवर खड्डे दिसत असतील किंवा रिले बंद डबीतला असेल तर तो बदलणंच बरं, तितक्याच व्होल्टच्या कॉइलचा आणि त्याच पायांच्या मांडणीचा.

'टक' येत नाही म्हणून वायरीचा तुकडा लावून रिले बायपास करण्याचा सल्ला तुम्हाला नक्की कुणीतरी देईल. एका ओळखीच्याने तो ऐकला. रिले मिटत नव्हता कारण आउटपुटला डीसी होता, आणि त्या डीसीने पाच मिनिटांत वूफरची कॉइल जाळली. रखवालदार ओरडत होता, याने त्याचं तोंड बांधलं.

शेवटची दोन मोजमापं

रिले साफ करूनही बाजू येत नसेल तर सेट थंड आणि प्लग काढलेला असताना फ्यूज पाहा. काचेतून तार शाबूत दिसली तरी मीटरने तपासा. बदलायचा तर त्याच अँपिअरचा. चांदीचा कागद गुंडाळलेला फ्यूज मला जुन्या सेटमध्ये दोनदा सापडला आहे, आणि ते दोन्ही सेट पुढे वाचले नाहीत.

मग स्पीकर सोडवा, सोर्स काढा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, सेट सुरू करून दहा मिनिटं तापू द्या आणि मागच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. ५० च्या आत असेल तर निश्चिंत. शंभराच्या पुढे असेल तर कारागिराला सांगायची गोष्ट. आकडा पूर्ण व्होल्टमध्ये गेला तर स्पीकर परत जोडायचाच नाही.

इथे थांबा

रिले मिटत नाही. फ्यूज पुन्हा उडतो. ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो किंवा हात ठेवता येणार नाही इतका तापतो. कपॅसिटरचं डोकं फुगलंय किंवा खाली चिकट ओघळ आहे. आवाज शून्यावर असतानाही दोन्हीकडे घूं घूं येते. एका बाजूचा बेस कायमचा पातळ झालाय. सेटच्या पत्र्याला टेस्टर लावला की दिवा लागतो. यातलं काहीही असेल तर प्लग काढा आणि कारागीर गाठा. पाल आत शिरून बोर्डावर जळालेली असेल तरी तेच. गॅरेजमध्ये हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही, म्हणून माझ्या सेटखाली आता मच्छरदाणीची जाळी आहे.

बाजू सेटला टिचकी मारल्यावर येत असेल तर बोर्डावर कुठेतरी डाख सुटलेला आहे. सोल्डरिंगचा हात असेल तर लाकडी काडीने बोर्ड हलके दाबत तो शोधता येतो, पण सेट चालू असताना उघड्या बोर्डाशी खेळणं मी नवख्याला सुचवणार नाही. सतत 'फुस्स... चर्र' असा, व्हॉल्यूमशी संबंध नसलेला आवाज एकाच बाजूने येत असेल तर एखादा जुना लहान ट्रान्झिस्टर म्हातारा झालाय. सी ४५८ त्यासाठी प्रसिद्धच आहे, त्याचे पाय काळे पडलेले दिसतात. तेही कारागिराचं काम.

कारागीर कसा ओळखायचा? त्याच्याकडे सिरीज दिवा आहे का ते पाहा. शंकास्पद सेट तो थेट मेनला न लावता साठ-शंभर वॉटच्या पिवळ्या बल्बमधून लावतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, उजळच राहिला तर आत शॉर्ट आहे. हे न करता 'बघू काय होतं' म्हणत प्लग घालणाऱ्याकडून सेट उचलून घरी आणा.

सेट देताना सोबत एक चिठ्ठी द्या: मोनोमध्ये काय झालं, स्पीकरच्या वायरी बदलल्यावर काय, यू पिन उलटसुलट केल्यावर काय, दोन्ही बाजूंचे मिलिव्होल्ट किती. त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि बिलही कमी होतं. काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून परत मागा, आणि सेट आणायला जाताना एक मोनो रेकॉर्ड किंवा मोबाइल घेऊन जा. दुकानातच, अगदी हळू आवाजात, दोन्ही बाजू ऐकून घ्या.